फोनवर नकार कसा द्यावा

जानेवारीतल्या एका सोमवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, म्हैसूरजवळच्या नंजनगूडमधल्या एका मोज्यांच्या कारखान्यात पॅकिंग विभागातल्या एका बाईची टेलिफोनवर परीक्षा झाली. परदेशी गिऱ्हाईक जे मागेल ते तिने इंग्रजीतून नाकारायचं होतं. तिने दोनदा नाकारलं. त्यानंतर थोड्याच वेळात जे झालं ते परीक्षेत धरायचं की नाही, यावर कारखान्यात वाद झाला.

ही बाई माझी विद्यार्थिनी होती. नव्वदच्या दशकात मी म्हैसूरच्या एका इंग्रजी दैनिकात उपसंपादक होते आणि संध्याकाळची पाळी सुरू होण्याआधी विद्यापीठात अर्धवेळ इंग्रजी शिकवत असे. नोकरी करणाऱ्यांसाठीचा तो प्रमाणपत्र अभ्यासक्रम होता. वर्गात बँकेतले कारकून होते, औषधांचे विक्रेते होते, हुणसूरच्या तंबाखू लिलावात काम करणारा एक गृहस्थ होता. सगळ्यांना इंग्रजी वाचता येई, बऱ्यापैकी लिहिताही येई. बोलायची वेळ आली की सगळे खिडकीबाहेर बघत.

पॅकिंगवाल्या बाईचं घर जुन्या रंगाऱ्यांचं. कापड रंगवणं दोन पिढ्यांपूर्वी सुटलं होतं, घरातली मराठी मात्र टिकली होती, निम्मी कन्नड होऊन. आमच्या घरातही तीच भाषा. त्यामुळे वर्गात ती मला मॅडम म्हणे आणि व्हरांड्यात अक्का. कारखान्यात तिची पाळी आठवड्याला बदलायची. सकाळच्या पाळीला मुलगी उठायच्या आत ती म्हैसूर स्टेशनवर पोचलेली असे. दुपारच्या पाळीहून परते तेव्हा मुलगी झोपलेली असे. मुलगी दुसरीत होती.

"रविवारी भेटतो आम्ही, पाहुण्यांसारखं," ती म्हणाली होती.

कारखान्याच्या म्हैसूरमधल्या कार्यालयात, निर्यातीच्या टेबलावर, एक जागा रिकामी झाली होती. साडेनऊ ते साडेपाच, पाळी नाही, गाडी नाही. काम परदेशी गिऱ्हाइकांशी फोनवर बोलण्याचं. तिला ती जागा हवी होती.

जागा रिकामी का झाली, हे वर्गाला ठाऊक होतं, कारण तिनेच ते सांगितलं होतं. आधीच्या माणसाचं इंग्रजी उत्तम होतं. एका गिऱ्हाइकाने ठरलेल्यापेक्षा दुप्पट माल त्याच तारखेला मागितला. ते अशक्य होतं. म्हैसूरकडचा माणूस अशा वेळी 'नोडोणा' म्हणतो, म्हणजे बघूया, आणि ऐकणारा दुसरीकडे चौकशीला लागतो. त्याने तेच इंग्रजीत म्हटलं, वर तुमची तब्येत कशी आहे असं विचारलं. गिऱ्हाइकाने जहाजावर दुप्पट जागा घेऊन ठेवली. तो माणूस आता कारखान्याच्या भांडारात सुताची रिळं मोजत होता आणि अजूनही म्हणत होता, "मी हो कुठं म्हटलं?"

म्हणून कारखान्याच्या साहेबांनी नव्या उमेदवारासाठी एकच परीक्षा ठेवली. व्याकरण नाही, स्पेलिंग नाही. फोनवर नाही म्हणून दाखवायचं.

आमच्या क्रमिक पुस्तकात 'नम्रपणे नाकारणे' असा एक धडा होताच. तो मी आधीच्या सत्रात एका तासात उरकला होता. या सत्रात तो जवळपास सगळं सत्र चालला.

पहिल्या दिवशी सोपा प्रसंग दिला. हुणसूरच्या गृहस्थाने तिच्याकडे आठवडाभरासाठी स्कूटर मागायची, तिने नाकारायची. दोघंही इंग्रजीत.

"तुमची स्कूटर मला एक आठवडा द्याल का?" गृहस्थाने विचारलं.

"स्कूटर आहे," ती म्हणाली. "पण पेट्रोल कमी आहे."

"मी पेट्रोल भरतो."

"ब्रेक थोडा सैल आहे."

"माझ्या भावाचं गॅरेज आहे."

ती थांबली. वर्ग वाट बघत होता. "मग घ्या," ती म्हणाली. "हेल्मेट पण घ्या. ऊन फार आहे."

टाळ्या पडल्या. गृहस्थ उभा राहून वाकला. त्या सत्रात तिने आणखी एक गॅस सिलिंडर, बहिणीच्या लग्नातली पैठणी आणि घराचा वरचा मजला देऊन टाकला. इतरांचं फार वेगळं नव्हतं. बँकेतल्या कारकुनाने कर्ज नाकारायला सुरुवात केली आणि शेवटी स्वतः जामीन राहिला.

मी त्यांना दैनिकातली रीत सांगितली. काय झालं ते पहिल्या वाक्यात. नाही असेल तर पहिला शब्द 'नो'. मग कारण, आणि कारण एकच. दुसरं कारण दिलं की समोरचा त्यातलं लंगडं कारण उचलतो, जसं गृहस्थाने पेट्रोल उचललं. मग गप्प बसायचं.

"गप्प?" तिने विचारलं. "नुसतं गप्प? वाईट दिसत नाही?"

"फोनवर दिसत नाही."

"तरी पण."

विद्यापीठातल्या आमच्या विभागात एक फोन होता, अधीक्षकांच्या टेबलावर, डायलला पितळी कुलूप लावलेला. ते संध्याकाळी कँटीनमध्ये गेले की आम्ही तो सरावाला घेत असू. ती रिसीव्हर कानाला लावून बसे. गृहस्थ लोखंडी कपाटामागे उभा राहून परदेशी गिऱ्हाईक होई. लिलावात व्यापाऱ्यांशी रोज ओरडाआरडा करणारा माणूस, म्हणून ही भूमिका त्याला दिली होती. कपाटामागून त्याचा आवाज खरोखर दणदणीत येई. अडचण एवढीच की तो रागावून झाल्यावर कपाटाबाहेर डोकावून कन्नडात विचारी, "फार झालं का, अम्मा? मनाला लावून घेऊ नका हं."

"तुम्ही गिऱ्हाईक आहात," मी म्हणे. "परत आत जा."

एकदा शिपाई दारात उभा राहिला. कुलूप लावलेल्या फोनवर एक बाई 'नो सर, नो सर' म्हणत होती आणि कपाट इंग्रजीत तिच्यावर ओरडत होतं. तो निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून तो आम्हाला चहा आणून देऊ लागला, न सांगता.

त्याच सुमाराला विभागप्रमुखांनी मला शनिवारची बॅच घ्याल का, असं विचारलं. शनिवार माझ्या सुट्टीचा. मी म्हटलं, "बघते, सर." सोमवारी सूचनाफलकावर शनिवारच्या बॅचसमोर माझं नाव होतं. ते वर्गाने माझ्या आधी वाचलं.

"मॅडम," हुणसूरचा गृहस्थ अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "कपाटामागे मी उभा राहू का, तुम्ही फोन घेता?"

डिसेंबरच्या शेवटी तिने घरी प्रयोग केला. सासूबाईंनी एका बारशाला चल म्हटलं. तिने पहिल्या वाक्यात नाही म्हटलं, एक कारण दिलं आणि गप्प बसली. पुढचं तिने मला व्हरांड्यात सांगितलं.

"अय्यो अक्का, अत्ते माझ्याकडं बघतच राहिल्या. मग कपाळाला हात लावला. ताप आहे का म्हणून. मग कषाय करून आणलं, मिरीचा काढा. प्यायले, काय करणार?"

"आणि बारसं?"

"गेले की." ती हसली. "कषायावर नाही कसं म्हणायचं? ते प्यायले, मग बारशालाही गेले."

हा निकाल फारसा आशादायक नव्हता. तरी वर्गात तिचा 'नो' हळूहळू ताठ झाला. जानेवारीच्या सुरुवातीला हुणसूरचा गृहस्थ कपाटामागून सलग ओरडला, विनवण्या केल्या, नातवाच्या आजाराची गोष्टही रचली. तिने काही दिलं नाही. तो बाहेर आला तेव्हा घामेजला होता. "हिला लिलावात पाठवा," तो म्हणाला.

परीक्षेची हकीकत मी दोघांकडून ऐकली, तिच्याकडून आणि नंतर तिच्या साहेबांकडून. पुढे लिहिलं आहे ते दोघांच्या सांगण्यात जुळतं. जिथे जुळत नाही तिथे तसं म्हटलं आहे.

तिला एका टेबलापाशी बसवलं आणि परदेशाहून फोन येईल असं सांगितलं. घंटा वाजली. आवाज जाड होता, उच्चार इंग्रजी चित्रपटातल्यासारखे. दुसऱ्याच वाक्याला तिला आवाज ओळखू आला. साहेब समोरच्या काचेच्या केबिनमध्ये रिसीव्हर धरून, तिच्याकडे पाठ करून बसले होते. इतकी वर्षं ज्या माणसासमोर ती उभी राहत आली होती, त्याला बसून नाही म्हणायचं होतं.

ती उभी राहिली. तिच्या म्हणण्याप्रमाणे ती लगेच बसली. साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे ती शेवटपर्यंत उभी होती. काचेत त्यांना तिचं प्रतिबिंब दिसत होतं.

गिऱ्हाइकाने शुक्रवारपर्यंत दुप्पट माल मागितला.

"नो, सर," ती म्हणाली. "मोजे अजून विणलेले नाहीत."

हे एकच कारण होतं आणि ते खरं होतं. ती गप्प बसली. फोनमध्ये पंख्याचा आवाज येत होता, तोच पंखा केबिनमध्ये फिरताना तिला दिसत होता.

गिऱ्हाईक चिडलं. ऑर्डर रद्द करीन म्हणालं. मग अचानक इंग्रजी उच्चार गळून पडले आणि साहेब स्वतःच्या आवाजात, कन्नडात म्हणाले, "स्वल्प नोडम्मा." जरा बघ ना, बाई. हे परीक्षेत ठरलेलं होतं की तोंडातून निसटलं, हे मी त्यांना विचारलं. त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला.

तिने इंग्रजीतच सांगितलं, "नो, सर. पुढच्या बुधवारी." आणि रिसीव्हर ठेवला.

साहेब केबिनमधून बाहेर आले नाहीत. ती थोडा वेळ टेबलापाशी बसली. मग ती केबिनच्या दारावर टकटक करून आत गेली.

"सर, रागावलात का?"

"नाही, नाही. छान झालं."

"तसं नाही, सर. ते फोनवरचं होतं. तुम्हाला खरंच शुक्रवारी हवं असेल तर नोडोणा. मी पॅकिंगच्या मुलींना थांबवते. दोन पाळ्या लावू."

साहेबांनी मला सांगितलं, त्यांना आधी हसू आलं आणि मग घाम फुटला.

वाद यावरच झाला. उत्पादन विभागाचे प्रमुख म्हणाले, ही नापास; दारातून आत आली आणि सगळं देऊन टाकलं. भांडारातला तो आधीचा माणूस मात्र न बोलावता येऊन तिच्या बाजूने बोलला. तिने हो कुठं म्हटलं, असा त्याचा मुद्दा होता. साहेबांचं म्हणणं, परीक्षा फोनची होती. परदेशी गिऱ्हाईक दारावर टकटक करून आत येत नाही, आणि ही त्याच्या केबिनमध्ये जाऊ शकत नाही. मुद्दा उरला तो त्यांच्या स्वतःच्या केबिनचा. म्हैसूरचं कार्यालय नंजनगूडहून पुरेसं लांब होतं.

त्या आठवड्यात तिची सकाळची पाळी होती, म्हणून ती वर्गाला आली. हुणसूरच्या गृहस्थाने सगळ्यांच्या वतीने विचारलं, "काय झालं? पास?"

"अजून काही कळवलं नाही," ती म्हणाली.

"मग साहेबांना विचारा की."

"विचारलं. ते नोडोणा म्हणाले."

इथल्या भाषेत याचा अर्थ काय, हे सगळ्यांना माहीत होतं. ती वही उघडून बसली आणि मी पुढचा धडा घेतला. तो रस्ता विचारण्यावर होता. तिने कोणालाच रस्ता सांगितला नाही.

पुढच्या आठवड्यात तिची दुपारची पाळी, ती आली नाही. त्यानंतरचा आठवडा सकाळचा होता, तरीही आली नाही. घरी फोन नव्हता. हुणसूरचा गृहस्थ बसमधून उतरून वर्गात आला की आधी तिच्या बाकाकडे बघे.

तिची मुलगी ज्या शाळेत होती ती माझ्या घरापासून दैनिकाच्या कार्यालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. फेब्रुवारीतल्या पहिल्या सोमवारी सकाळी मी त्या रस्त्याने बँकेत जात होते. शाळेच्या फाटकाशी ती उभी होती, इस्त्रीची साडी, खांद्याला मुलीचं दप्तर. तिने मला पाहिलं.

"अक्का, साडेनऊला पोचायचंय, आज पहिला दिवस," ती म्हणाली. "मागचा आठवडा पाळी सुटल्यावर पॅकिंगचं काम दुसरीला शिकवण्यात गेला. आता वर्ग चारला, कसं येऊ?"

"नाही म्हणायचं असतं," मी म्हटलं.

"नो, मॅडम," ती म्हणाली. "ऑफिस आहे."

मुलीने दप्तर काढून घेतलं आणि आत गेली. शाळेची घंटा झाली. ती शहर बसच्या थांब्याकडे वळली.