साडेतीनच्या आत एक शू

गेला बुधवार मी काही विसरणार नाही. ओरोसचं आमचं सरकारी क्वार्टर, दुपारचे दोन... आणि मी दहा महिन्यांच्या मुलीच्या डायपरकडे टक लावून बसलेलो.

आधीचे आठ दिवस थोडक्यात सांगतो. सुरुवात उलट्या-जुलाबांनी झाली. घरातली एकूण एक चादर धुऊन झाली, गॅलरीत जागा उरली नाही म्हणून दोन तर कपाटाच्या दारांवर वाळत घातल्या. पाचव्या दिवशी जुलाब थांबले, आम्ही हुश्श केलं... आणि सहाव्या दिवशी सईबाई माझ्या तोंडावर शिंकल्या. एक पाहुणा दारातून बाहेर पडतोय तोवर दुसरा चपला काढत होता.

त्यात पोटाचं ते प्रकरण बायकोलाही लागलं. ती आतल्या खोलीत तापाने आडवी, म्हणून मी रजा टाकून ड्युटीवर. ऑफिसात सतरा फायली सांभाळतो, एक पोर काय जड आहे, असं मी म्हणालो होतो. हे वाक्य बायको आता जन्मभर ऐकवणार.

सर्दी साधीच होती, पण नाक गच्च बंद. दूध ओढायला गेली की सई गुदमरायची आणि रडून तोंड फिरवायची. आधीच जुलाबांनी पोर सुकलेली, त्यात आता पिणंच बंद. डॉक्टरबाईंनी सकाळी स्पष्ट सांगितलं होतं... शूवर लक्ष ठेवा. सहा तासांत झाली नाही तर फोन करत बसू नका, थेट घेऊन या, सलाईन लावावं लागेल.

शेवटची शू साडेनऊला झाली होती. म्हणजे माझ्याकडे साडेतीनपर्यंत वेळ. रिक्षावाल्याला सांगून ठेवलं, बॅग भरली आणि दर पाच मिनिटांनी डायपर उघडून बघू लागलो. कोरडा ठणठणीत! एवढ्याशा हातात सुई टोचणार, हा विचार आला की मी परत डायपर उघडायचो.

तेवढ्यात शेजारच्या रुकसाना काकी आल्या. माहेर खारेपाटणचं, चार मुलं वाढवलेली बाई. माझा अवतार बघून त्यांनी डोक्याला हात लावला.

"अरे, सारखो सारखो उघडून काय बघतंस? काढ तो डायपर. नाकात थेंब घाल, नाक मोकळा होऊंदे, मगे चमचो लाव."

डॉक्टरबाईंनीही हेच सांगितलं होतं. मी थेंब घातले की लगेच बाटली तोंडाला लावत होतो, दोन मिनिटं थांबायचं असतं हे घाबरून विसरलो होतो. काकींनी सईला माझ्या जुन्या लुंगीवर, माझ्याच मांडीवर ठेवलं. थेंब, मग जरा वेळ, मग ओआरएसचा एक चमचा... परत थोडा वेळ, परत एक. पोर गिळत होती. शू मात्र नाही.

पावणेतीनला नांदगावहून बाबांचा फोन. आमच्याकडे काहीही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मागायचं, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. बाबांनी फोन स्पीकरवर ठेवायला लावला आणि सुरूच केलं. "बा देवा म्हाराजा, जी काय इडापिडा आसा, वाकडा-नाकडा आसा, ता दूर कर रे म्हाराजा!" सगळं पाठ. त्यात गुरंढोरं आली, काजूचा मोहर आला, मुंबईचे चाकरमानी आले... मी मान खाली घालून आपला 'व्हय म्हाराजा' पुटपुटत होतो. खरं सांगतो, चिडलो होतो. इथे घड्याळ पळतंय आणि यांचं काजूंचं चाललंय!

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला, "अवो, चेडवाचा, सईचा नाव खंय घेतल्यात? देव भलत्याकच मुतवीत!"

काकी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. आतून बायकोसुद्धा हसली, दोन दिवसांत पहिल्यांदा. बाबा ओशाळले, घसा खाकरून पुन्हा पहिल्यापासून सुरू. या वेळी सईचं नाव घेतलं, आणि त्यांचा आवाज एकदम कापरा झाला. "म्हाराजा, माझी नात... तिका..."

आणि फोन कट. आमचं नेटवर्क!

मी मात्र तोवर 'व्हय म्हाराजा' म्हणून टाकलं होतं. मोठ्याने, मनापासून. लहानपणापासून फक्त प्रसादाच्या खोबऱ्याच्या आशेने म्हणत आलो होतो, त्या दिवशी पहिल्यांदा खरोखर काहीतरी मागितलं.

फोन परत लावायला हात पुढे केला तर काकी ओरडल्या, "थांब! हलू नको!"

मांडी कोमट झाली होती... मग लुंगी... मग खालची चटई. मी श्वास रोखून बसलो. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. बायको भिंतीला धरून दारात आली, बघितलं आणि तिथेच खाली बसून रडायला लागली. मीही रडलो, लाज कसली.

बाबांना परत फोन लावला. "झाली, बाबा." मग आईच फोनवर आली, "तेंका जरा बसानदे. मगे बोलतले."

डॉक्टरबाईंना कळवलं, संध्याकाळी दाखवूनही आणलं. सलाईन लागलं नाही. आता हे श्रेय थेंबांचं, काकींच्या चमच्याचं की बाबांच्या देवाचं, यावर घरात रोज वाद होतो. मी तिघांचेही आभार मानले आहेत, उगाच कोणाला दुखवा कशाला.

आज आठ दिवसांनी कामावर निघालो होतो. इस्त्रीचा शर्ट, हातात डबा, बस सुटायची वेळ. टाटा करायला सईला उचललं आणि छातीपासून पँटपर्यंत सगळं ओलं!

बायको धावत आली. मी हातानेच तिला थांबवलं. म्हटलं, कर गो बाय... सावकाश कर.