सोबतचा रकाना

श्यामकांत खवणेकरांच्या दोनशे चौदा दगडांचं काय होणार, हे शनिवारी सकाळी ठरायचं होतं.

सौदीतल्या खमीस मुशैतच्या भारतीय शाळेत ते चौदा वर्षं मुलांना फिजिक्स शिकवत होते. मे २००८ मध्ये साठ वर्षं पूर्ण झाली. आता इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, वाढवून मिळणार नव्हता आणि जूनअखेरचं तिकीट शाळेनं काढून हातात दिलं होतं. प्रयोगशाळेमागच्या छोट्या खोलीत खजुराच्या खोक्यांमध्ये त्यांचे दगड होते. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकावर चिठ्ठी, आणि सगळ्यांची मिळून एक जाडजूड नोंदवही.

नव्या प्राचार्यांना ती खोली कॉम्प्युटरसाठी हवी होती. माणूस वाईट नव्हता. ते म्हणाले, "सर, कुणा जाणकारानं हे ठेवण्यासारखं आहे असं लिहून दिलं, तर लायब्ररीत कपाट देतो. नाहीतर सुट्टीआधी खोली रिकामी हवी. मग खलास."

मुलगी रुचा पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, विमानात वीस किलो चालतात. दगडांचं काय घेऊन बसलात? पुण्यात दगड नाहीत का?"

"पुण्यात एकच दगड आहे, रुचा. काळा. कुठंही खणलंस तरी तोच."

"मग बरंच की. लक्षात ठेवायला सोपं."

ते हसले आणि फोन ठेवला. आठवड्यातलं त्यांचं मराठी बोलणं बहुधा एवढंच असे.

खवणेकर नौदलात विमानात होते, पण विमान चालवणारे नव्हते. चालकाच्या मागे बसून मांडीवरच्या तक्त्यावर रेघ ओढत, आपण कुठं आहोत हे सांगणारे. खाली समुद्र, वर आभाळ, विचारायला कोणी नाही. दिशा माहीत, वेग माहीत, घड्याळ हातात. त्या तिन्हींच्या हिशेबावर तीन तासांनी परत यायचं. त्यातही ज्या जहाजावरून उडालो ते मधल्या वेळात पुढं सरकलेलं असे. चोवीस वर्षांत त्यांचं जहाज एकदाही चुकलं नाही.

त्र्याण्णव साली त्यांची बायको, डॉक्टर रेखा, खमीसच्या सरकारी इस्पितळात लागली आणि हे निवृत्त गृहस्थ तिच्या मागून आले. वर्षभरानं शाळा मिळाली. गुरुवार-शुक्रवार सुट्टी. शुक्रवारी सकाळी गाडी काढून दोघं गावाबाहेर जात, कोरड्या ओढ्याच्या पात्रातून चालत. दगड उचलायची ती. "हा बघा, पट्ट्यापट्ट्यांचा. ह्यात डाळिंबाचे दाणे भरलेत." ते दाणे तामड्याचे, म्हणजे गार्नेटचे, हे त्यांनी पुस्तकं मागवून शोधून काढलं. तिथून नाद लागला.

गावाला लष्करी तळ लागून. नकाशे, यंत्रं घेऊन डोंगरात हिंडणाऱ्या परक्या माणसाला कोण काय विचारील याचा नेम नव्हता. खवणेकरांना यंत्राची गरजही नव्हती. इस्पितळाच्या भिंतीमागचा सरळ रस्ता त्यांनी गाडीच्या काट्यावर एक किलोमीटर मोजून घेतला आणि दोघं तो चालून गेली. बारा मिनिटं. झालं. गाडी जिथं लावली तिथून दिशा आणि मिनिटं लिहायची, बारानं भागायचं, की दगडाचा पत्ता तयार. विमानातल्या नोंदवहीत प्रत्येक उड्डाणापुढं सोबत्याचं नाव लिहावं लागे. त्या सवयीनं दगडांच्या वहीतही त्यांनी शेवटचा रकाना आखला: सोबत. त्यात "रेखा" लिहायचं.

२००३ च्या सप्टेंबरात रेखा गेली. कावीळ म्हणून दाखल झाली आणि अकराव्या दिवशी सगळं संपलं. ते तिला घेऊन पुण्याला गेले, दिवसकार्य उरकलं, आणि महिन्यानं खमीसला परतले. कारण सांगायला सोपं होतं: बारावीचा वर्ग. परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी ते ओढ्यावर गेले. त्यानंतर एकही शुक्रवार चुकला नाही. दोनशे चौदांपैकी एकशे वीस दगड या पाच वर्षांतले.

दगड तपासायला डॉक्टर यासीन जेद्द्याहून आले ते बुधवारी. मूळचे हैदराबादचे, जेद्द्यात भूशास्त्र शिकवणारे, रीतसर परवान्याचं जीपीएस यंत्र गळ्यात. त्यांनी वही मन लावून पाहिली आणि तीन क्रमांक निवडले: एकतीस, बावन्न, एकशे सदुसष्ट. गुरुवारी दिवसभर ते एकटेच हिंडले आणि संध्याकाळी खवणेकरांच्या खोलीवर आले.

"कमांडरसाहब, इकतीस नंबर ठीक वहीं मिला. पाच पावलांचाही फरक नाही." ते हिंदीत मराठी मिसळून बोलत; आई नांदेडची. "पण बावन्नच्या जागी नुसती वाळू. एकशे सदुसष्टच्या जागी तर ग्रॅनाइट. तुमचा दगड त्या जातीचाच नाही."

"हिशेब तपासलात?"

"दो बार. पत्थर अच्छे हैं, साहब. पर पता ग़लत हो, तो पत्थर बस पत्थर है. खोटं कसं लिहून देऊ? शनिवारी सकाळी मी निघणार."

ते गेल्यावर खवणेकरांनी वही उघडली. भागाकार बरोबर. दिशा बरोबर. एकशे सदुसष्ट गेल्या वर्षीचा. पाय थकले म्हणावं, तर बावन्न सत्त्याण्णवचा. तेव्हा त्यांचे पाय कुणालाही हार जाणारे नव्हते. वय ही सबबही हातची गेली.

शुक्रवारी सकाळी साडेसातला बिलकिस आली, नवऱ्याला घेऊन. ती रेखाच्या वॉर्डातली सिस्टर, रत्नागिरीची. नवरा जलाल एसी दुरुस्त करणारा. महिन्यातून एकदा दोघं डबा घेऊन येत.

"सर, सांदणं आणलीत. आणि तोंड असं का केलंत? आमटी नासली काय कुठली?"

खवणेकरांनी सगळं सांगितलं. जलाल म्हणाला, "मग तो रस्ता परत मोजा की. मी मीटर आधी तपासतो, मग एसी उघडतो."

इस्पितळामागच्या रस्त्यावर सुट्टीच्या सकाळी चिटपाखरू नव्हतं, फक्त कुंपणावर दोन माकडं. जलालनं घड्याळ धरलं. खवणेकर आपल्या नेहमीच्या चालीनं निघाले, पलीकडच्या खांबाला पोचले.

"सोळा मिनटं," जलाल म्हणाला.

"बारा असायला हवीत."

"सोळा, सर. घड्याळ माझ्या सासऱ्यानं दिलंय, पण चालतं बरोबर."

बिलकिस कमरेवर हात ठेवून बघत होती. "सर, तुमी चालता कुठं? बघत बघत जाता. रेखाताई सांगायच्या ना मला, 'ह्यांना डोंगरात न्यायचं म्हणजे मला पुढं धावावं लागतं, नाहीतर हे पहिल्या दगडाशीच मुक्काम करतील.'"

"ती म्हणायची असं?"

"ड्यूटीवर, दर शनिवारी. थांबा. मी पुढं जाते, तुमी मागनं या."

ती निघाली. काळा अबाया, झपझप पावलं, मान किंचित डावीकडे. खवणेकर मागून चालू लागले. अंतर वाढलं की त्यांचे पाय आपोआप उचलत. "चला, कमांडर! तुमचं जहाज काही थांबायचं नाही!" असं रेखासारखं पुढून आज कोणी ओरडलं नाही, पण ओढ्यात ती हाक कधी यायची हे त्यांच्या पायांना ठाऊक होतं. इतकी वर्षं त्यांची समजूत होती की बायको बरोबर म्हणून आपण सावकाश चालतो.

"बारा मिनटं, वर दहा सेकंद!" जलाल ओरडला.

खवणेकर खांबाला टेकून उभे राहिले. दम लागला होता. बिलकिसनं वळून त्यांच्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली पुढं केली.

घरी येऊन त्यांनी वहीत बावन्न क्रमांक काढला. १४ मार्च १९९७. शेवटचा रकाना रिकामा होता. त्या शुक्रवारी रेखाला इमर्जन्सीची ड्यूटी होती, म्हणून ते एकटेच गेले होते.

त्यांनी यासीनना फोन केला. "डॉक्टर, बावन्न नंबर. दिशा तीच. अंतर पाऊणपट धरा."

दुपारी नमाजानंतर दोघं गेले. चिठ्ठीवर पाच किलोमीटर होतं. पावणेचारावर, काठाच्या कातळात, डाळिंबाच्या दाण्यांची पट्टी उघडी पडलेली होती. खवणेकरांचा हातोडा अकरा वर्षांपूर्वी जिथं बसला ती खाचही दिसत होती. यासीन गुडघ्यावर बसले, खाचेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "यही है." मग उठून त्यांनी एकशे सदुसष्टकडे गाडी वळवली. तोही सापडला.

शनिवारी सकाळी प्रार्थनेच्या घंटेआधी प्राचार्यांच्या खोलीत यासीननी अर्ध्या पानाचं पत्र सहीसकट टेबलावर ठेवलं. प्राचार्यांनी वाचलं, मान हलवली आणि कपाटाची किल्ली काढली.

"पण सर, चिठ्ठ्या दुरुस्त करून टाइप करायला हव्यात. क्लार्कला काय सांगू? तारखेप्रमाणे करायच्या का? कुठल्या वर्षापासून चुकल्यात?"

"वर्षाचं काही नाही," खवणेकर म्हणाले. त्यांनी वही त्यांच्यासमोर उघडून फिरवली आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. "इथं नाव आहे त्यांना हात लावू नका. जिथं रिकामं आहे, तेवढ्या दुरुस्त करा."