सात नंबरचं प्रेत

"मला नाही हं प्रेत व्हायचं. मम्मी म्हणते, अपशकुन असतो," एक मुलगी म्हणाली. तिला लगेच निवेदनाचं काम मिळालं.

भोपाळच्या वायुगळतीला तेव्हा वर्ष पूर्ण होत होतं. उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात श्रद्धांजलीचा कार्यक्रम ठरला होता. स्टेजवर पांढऱ्या चादरींखाली बारा प्रेतं, मध्ये समई, बाजूला निवेदन. सांस्कृतिक विभागाच्या मॅडमना बारा मुलं हवी होती. एकही हात वर होत नव्हता. सगळ्यांच्या घरी अपशकुन होता.

मॅडमनी टेबलावरची दुसरी यादी उचलली. राखीव जागांवरची. आमची. त्यांनी माझं नाव वाचलं आणि मान वर केली.

"तुम्ही बौद्ध ना? तुमच्यात शकुन-अपशकुन मानत नाहीत ना?"

"नाही मॅडम," मी म्हणाले. ताठ मानेने म्हणाले. आजोबांनी छप्पन साली घरातले देव विसर्जित केले होते. हे वाक्य आमच्याकडे अभिमानाने म्हटलं जायचं.

"मग झालं तर. प्रश्नच मिटला."

वर्ग हसला. त्या यादीतून बारा नावं पाच मिनिटांत लिहून झाली. मी स्वतःच्या तोंडाने होकार दिलाय, हे मला जिना उतरताना कळलं.

भोपाळला मृतांच्या कपाळावर नंबर लावले होते, असं मॅडमनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून आमच्याही कपाळावर डिंकाने चिठ्ठ्या. मी सात नंबर. पहिल्या तालमीनंतर कॅन्टीनमध्ये कॅम्प चारच्या वस्तीतला एक मुलगा ओरडला, "ए सात नंबर, मरनेसे पहले चाय तो पी ले!" मी चहा घेतला. या कार्यक्रमात कुणाशीही वाकडं घ्यायची भीती वाटत होती.

भीतीचं कारण घरी होतं. आम्ही अंबरनाथला एमआयडीसीलगतच्या चाळीत राहायचो. वडील एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार. नोव्हेंबरात त्यांच्या प्लांटवर एक व्हॉल्व्ह गळला. दोघांना उलट्या झाल्या. वडील घरी आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते, सुजून जवळजवळ मिटले होते. बाहेर बोलायचं नाही, असं सगळ्यांना सांगण्यात आलं. परमनंट होणाऱ्यांची यादी लागायची होती. वडील आठ वर्षं तिची वाट बघत होते.

आणि कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे त्याच कंपनीचे सेफ्टी ऑफिसर होते.

मी घरी हे सांगितलं तेव्हा वडील हात धूत होते. ऐकून थांबले. "साहेब येणारेत? मग गप पडून राहा, बाय. हलू नको. त्यांना आपलं आडनाव माहितीय."

तीन डिसेंबरला हॉल भरला होता. मी चादरीखाली. चादरी मांडववाल्याच्या, कुबट वासाच्या. डिंक वाळून कपाळाची कातडी ओढली जात होती. साहेबांचं भाषण मला स्पष्ट ऐकू येत होतं.

"मी जबाबदारीने सांगतो, आपल्या अंबरनाथमध्ये असं घडणं शक्य नाही. आमच्याकडे आजवर एक थेंबसुद्धा गळलेला नाही."

टाळ्या. मला वडिलांचे डोळे दिसले. मी हलले नाही.

मग सायरन वाजला.

दोन मिनिटांच्या शांततेसाठी तो कंपनीतूनच आणला होता. हे आम्हा प्रेतांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या चाळीत शिफ्टची वेळ नसताना सायरन झाला की ओला फडका नाकावर धरायचा आणि पोरांना ओढत रस्त्यावर यायचं. माझ्या शरीराला तेवढंच माहीत होतं. मी चादर फेकून उठून बसले. ओढणी नाकावर दाबली होती.

"मुर्दा उठ गया रे!" मागून कुणीतरी शिट्टी मारली. खाली माना घालून उभे असलेले चारशे जण हसायला लागले.

विंगेतून मॅडम दबक्या आवाजात म्हणाल्या, "सात नंबर! आडवी हो."

त्यांना माझं नाव माहीत होतं.

मी घाबरले होते. ते धैर्य होतं असं कुणी म्हणू नये. साहेब पहिल्या रांगेत होते, माझ्याकडे बघत होते. स्टेजवर एक हात टेकावा लागला. पण उठले. समोर सगळे उभे होते. आडवे फक्त आम्ही होतो.

"मॅडम, श्रद्धांजली उभं राहून देतात."

आवाज चिरका आला. कपाळावरची चिठ्ठी ओढून काढली. नऊ नंबरचा मुलगा उठून बसला, त्याने विंगेकडे पाहिलं आणि पुन्हा आडवा झाला. मी त्याला दोष देत नाही. त्याचेही वडील कंत्राटावर होते.

सायरन थांबेपर्यंत मी उभी राहिले. पण व्हॉल्व्हबद्दल बोलले नाही. ओठावर आलेलं गिळलं.

दुसऱ्या दिवशी वडील कामावरून आले. "साहेबांनी विचारलं, ती तुझीच का?"

"काय सांगितलंत?"

"हो म्हटलं. दुसरं काय सांगणार?"

त्या वर्षी परमनंटच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. माझ्यामुळे की आधीपासूनच नव्हतं, मला माहीत नाही. त्यांच्या डोळ्यांचं पाणी मात्र थांबलं नाही.

पुढच्या नोव्हेंबरात नोटीस बोर्डावर पुन्हा बारा नावं लागली. त्याच राखीव यादीतली, मागच्या वर्षीचीच उतरवलेली. प्रमुख पाहुणे तेच. सात नंबरपुढे माझं नाव. मी पेनाने ते खोडलं आणि बाजूला लिहिलं: उभी राहणार. त्याखाली लिहिलं: पाहुण्यांना प्रश्न विचारणार. दोन्हींखाली सही केली. सही वाकडी आली.

घरी येऊन वडिलांना प्रश्न वाचून दाखवला. मागच्या वर्षी तुमच्या प्लांटवर काय गळलं?

त्यांनी टॉवेलने डोळे टिपले. मग म्हणाले, "तारीखपण घाल त्यात. चुकवू नको."

तारीख मला पाठ होती. ती मी मोठ्याने वाचणार होते.