गांजाचं लायसन्स आणि नावाचा रकाना

गांजा म्हटलं की आपल्या लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. ऑकलंडमधल्या मराठी मंडळींच्या एका जेवणात मी वाढून घेता घेता सहज सांगितलं, की मी औषधी गांजाची डिस्पेन्सरी काढतेय. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी श्रीखंडाचा चमचा पातेल्यात तसाच ठेवला आणि मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "म्हणजे... ते?" म्हटलं, "हो, तेच. पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवर." चिठ्ठीचं कोणी ऐकलंच नाही.

यात लाजण्यासारखं काय आहे ते मला अजून कळलेलं नाही. मी फार्मासिस्ट. पुण्यात बी.फार्म. केलं, इथे येऊन पुन्हा परीक्षा दिल्या, आणि वीस वर्षं दुसऱ्यांच्या फार्मसीत दुसऱ्यांच्या काउंटरमागे उभी राहिले. न्यूझीलंडमध्ये गांजा मजेसाठी विकायला बंदीच आहे, पण त्याचं तेल किंवा सुकवलेली फुलं औषध म्हणून डॉक्टर लिहून देऊ शकतात. आमचे मालक मात्र ही औषधं ठेवायला तयार नव्हते. तिजोरी हवी, नोंदी हव्यात, कोण करणार? एक म्हातारे गृहस्थ चिठ्ठी घेऊन यायचे. पायांच्या नसांचं दुखणं, चेहऱ्यावर कळ दिसायची. मी "सॉरी, आमच्याकडे नाही" म्हणायची आणि ते "नो वरीज" म्हणून काठी टेकत परत जायचे. तिसऱ्यांदा ते तसेच गेले तेव्हा माझं डोकंच फिरलं. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, आता बास, मी स्वतःचं काढते. पन्नाशी उलटली होती. स्वतःच्या नावाचं लायसन्स आत्ता मिळवलं नाही तर जन्मात मिळणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

ऑकलंडच्या पेनरोज भागात जागा मिळाली. एका बाजूला टायरवाला, दुसऱ्या बाजूला कुरिअरचं गोदाम. खिडक्यांना गज, जमिनीत बोल्ट ठोकून बसवलेली तिजोरी, चार कॅमेरे. शिवाय सगळं लिहून द्यायचं: किल्ली कोणाकडे राहणार, बाटली फुटली तर कोणाला कळवणार, मुदत संपलेला माल नष्ट कसा करणार. मी जेवणाच्या टेबलावर पसारा मांडून लिहीत बसायची. नवरा आयटीतला, तो मला तक्ते करून द्यायचा आणि प्रत्येक तक्त्यामागे चहा मागायचा. मुलगी युनिव्हर्सिटीत. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "मम, हीप्स ऑफ पीपल नीड धिस," ती म्हणाली, म्हणजे कितीतरी लोकांना याची गरज आहे, आणि मला उगीचच भरून आलं.

घरात विरोध एकाच माणसाचा होता. सासूबाईंचा. सासरे गेल्यापासून त्या अवोन्डेल भागातल्या आमच्या घरी असतात. ऐंशीच्या आहेत, पण रविवारच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून अशी काही घासाघीस करतात, तीही मराठीत, की समोरची भाजीवाली हसत हसत एक जुडी वर टाकते. त्या मला म्हणाल्या, "आमच्या गावात देवळामागे बैरागी बसायचे चिलीम ओढत. तिकडे फिरकू नका म्हणून आम्हाला दटावायचे. आणि आता माझी सून त्याचं दुकान टाकणार!"

"दुकान नाही हो आई, फार्मसी."

"पाटी काहीही लाव. आत तेच ना?"

रुसवा असला तरी त्यांची अडचण नव्हती, निदान तेव्हा तरी.

मग अर्ज गेला. त्यात पोलीस तपासणीचा एक कागद होता आणि त्यात एक रकाना: याआधी तुम्ही आणखी कुठल्या नावाने ओळखल्या जात होता का? मी तिथे बेधडक लिहिलं, "नाही." माझ्या डोळ्यांपुढे दहा नावांनी फिरणारे चोर-दरोडेखोर आले. मी कशाला दुसऱ्या नावाने फिरू? खाली सही ठोकली आणि लिफाफा बंद केला.

तीन आठवड्यांनी लायसन्स विभागातल्या बाईंचा फोन आला. आवाज गोड, प्रश्न तिखट. माझी पदवी एका बाईच्या नावावर होती आणि पासपोर्ट दुसऱ्याच बाईच्या. "लग्नानंतर आडनाव बदललं, समजू शकते," त्या म्हणाल्या. "पण पहिलं नावही वेगळं आहे. मधलंही. विवाहाच्या दाखल्यावर तुमच्या पतीचं लग्न त्या पदवीवाल्या बाईंशी झालेलं दिसतंय." मग जरा चाचरत, "त्या सध्या कुठे असतात?"

मी हसत सुटले. म्हटलं, "अहो, त्या सध्या तुमच्याशी बोलतायत."

पलीकडून हसू आलं नाही. मी त्यांना रीत समजावून सांगितली. लग्न करून मुलगी सासरी येते, तेव्हा ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात तिचं नवीन नाव लिहितो. सगळे वाचतात, पेढे वाटतात, आणि त्या दिवसापासून ती तीच. आमच्याकडे ते नाव सासूबाईंनी निवडलं होतं. नवऱ्याने तांदळात लिहिलं तेव्हा मी मान वाकडी करून वाचलं होतं, की बरं, आता आपण या. मधलं वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं आलं, आडनाव गेलं. माहेरी आई शेवटपर्यंत जुन्याच नावाने हाक मारायची. ती गेली आणि त्या नावाने हाक येणं थांबलं. पण ते "आणखी एक नाव" आहे, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ते मीच होते की!

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "फार सुंदर प्रथा आहे. पण तुम्ही 'नाही' असं लिहून सही केली आहे." खोटी माहिती दिली असं ठरलं तर अर्ज फेटाळला जाणार, आणि ज्या माणसाने खोटं लिहिलं त्याच्या हाती असली औषधं पुन्हा कोण देणार? वीस दिवसांत दोन्ही बाया एकच आहेत हे सिद्ध करायचं. मला दोन्ही नावांनी ओळखणाऱ्या, लग्नाला हजर असलेल्या माणसाचं शपथेवरचं निवेदन हवं. नवऱ्याचं चालणार नाही, तो डिस्पेन्सरीच्या कंपनीत भागीदार. फार्मासिस्ट म्हणून नोंदणी झाली तेव्हा लावलेलं पुण्याच्या वकिलाचं ॲफिडेव्हिट घरं बदलताना कुठे गेलं देव जाणे, आणि वकीलसाहेबही गेले. माझे आईवडील नाहीत, भावंडं नाहीत. म्हणजे उरल्या कोण?

"गांजाच्या कागदावर मी सही करणार नाही," सासूबाई म्हणाल्या. भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही.

मी विनवण्या केल्या. नवऱ्याने त्या म्हाताऱ्या गृहस्थांची गोष्ट सांगितली. ढिम्म. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी माझा तोल सुटला. सत्तावीस वर्षांत मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते, त्या दिवशी सगळं एकदम बाहेर आलं.

"माझं नाव तुम्ही बदललंत. मला विचारलं होतं का? एकदा तरी? माझ्या आजीने ठेवलेलं नाव होतं ते, मला आवडायचं. मी एक शब्द बोलले नाही, पेढा खाल्ला आणि तुमच्या नावाला ओ द्यायला लागले. आज त्याच नावापायी मी खोटारडी ठरतेय, आणि तुम्हाला एक सही जड होते?"

नवरा "अगं, अगं" करत राहिला. सासूबाईंनी निवडलेली मेथी वाडग्यात टाकली, देठं कागदात गुंडाळली आणि खोलीत निघून गेल्या. मी सिंकपाशी उभी राहून रडले. रागाने रडले आणि लाजही वाटली, कारण आवाज फार चढला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेसून तयार. चांगली साडी, वर जाकीट, पायात मोजे. "कुठे करायची ती सही? चला."

इथे अशी निवेदनं जेपींसमोर करतात. जेपी म्हणजे सह्या साक्षांकित करायला सरकारने नेमलेली साधी, भली माणसं. लायब्ररीत टेबल टाकून फुकट बसतात. आमच्या वाट्याला आलेले आजोबा हाफ पँट आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपलांमध्ये होते. "किया ओरा," असा माओरी भाषेतला नमस्कार करून त्यांनी सासूबाईंसाठी खुर्ची ओढली. दुभाषी म्हणून मुलगी शेजारी बसली. नवरा आणि मी थोडं मागे, पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभे.

मुलीने प्रश्न सांगायचा, आजीने मराठीत उत्तर द्यायचं, मुलीने ते इंग्रजीत करायचं. सासूबाईंनी माझं मूळ नाव सांगितलं, वडिलांचं, आडनावासकट. एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. मग न विचारताच म्हणाल्या, "चांगलं होतं नाव. मीच बदललं. पण बाई तीच आहे. खरं बोलणारी आहे." मुलीने तेही भाषांतर केलं. मला कपाटाकडे तोंड फिरवावं लागलं.

आजोबा लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांनी मान वर केली आणि निव्वळ कुतूहलाने विचारलं, "आणि तुमचं? तुमचंही बदललं होतं का?"

मुलीने विचारलं. सासूबाईंनी चष्मा काढून हातात घेतला. आजोबा "इट्स ओके" म्हणून पुन्हा लिहायला लागले. तेवढ्यात सासूबाईंनी एक नाव उच्चारलं. छोटंसं, तीन अक्षरी, जुन्या वळणाचं. ते मी इथे लिहीत नाही. "सतरा वर्षं होतं," त्या म्हणाल्या. मुलीने ते नाव तिच्या न्यूझीलंडच्या उच्चारात मोठ्याने म्हटलं. नवरा कपाटापासून पुढे आला. त्याला आईचं हे नाव ठाऊक नव्हतं. आईचे आईवडील त्याच्या जन्माआधीच गेले होते, आणि मामालोक सगळे "अक्का" म्हणायचे.

सासूबाई नातीला म्हणाल्या, "त्यांना विचार, माझंही लिहिता येईल का त्यात?"

"हे निवेदन तुमचंच आहे," आजोबा म्हणाले, आणि त्यांच्या नावापुढे ते तीन अक्षरी नाव जोडलं. सासूबाईंनी चष्मा पुसला, कागद जवळ ओढला आणि सही केली. एकेक अक्षर, सावकाश.

लायसन्सचं सांगून टाकते. मिळालं, दोन महिन्यांनी. पासपोर्टवरच्या नावाने, कारण नियम तसा आहे. त्यांच्या फायलीत माझी दोन्ही नावं आहेत, आणि सासूबाईंचीही.

पण त्या दिवशी लायब्ररीतून आम्ही घरी निघालो. नवरा चालवत होता, मी शेजारी, आजी आणि नात मागे. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा नवऱ्याने ते नाव हळूच, स्वतःशीच उच्चारून पाहिलं.

"काय रे?" मागून आवाज कडाडला. "आईला नावानं हाक मारतोस? लाज नाही वाटत?"

"सॉरी, आई," तो ओशाळून म्हणाला.

सिग्नल सुटला. दोन चौक गेले, बाजाराचं मैदान गेलं. सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.