एक्सरेमामा आणि कुट्टीचे दोन फोटो

"हलूं नको गे. श्वास घे... धर... हां, आता सोड."

आमच्या गल्लीतले एक्सरेमामा दवाखान्यात दिवसभर हेच म्हणत आणि घरी आल्यावरही त्यांच्या तोंडून ते सुटत नसे. मामी पेल्यात कॉफी ओतू लागल्या की "हलूं नको". दारात गाय उभी राहिली की तिलाही तेच. एका मुंजीत फोटोग्राफर काळ्या कापडाखाली शिरला होता, तेवढ्यात मागच्या रांगेतून मामा ओरडले, "श्वास धरा, अस्के!" अस्के म्हणजे सगळे, हे आमचं तंजावूरचं मराठी. त्या फोटोत मुंजमुलासकट चाळीस माणसं गाल फुगवून बसली आहेत.

मुलांनो, परवा फोनवर तुमच्या आईने सांगितलं की तुमची धाकटी बहीण दवाखान्यात त्या बोगद्यासारख्या यंत्रात एकटी निजली आणि वीस मिनिटं हलली नाही. तुम्हा सगळ्यांना तिचं कौतुक वाटलं. मलाही वाटलं, आणि पाठोपाठ एक्सरेमामा आठवले. तुम्हाला देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा हे आईकडून वाचून घ्या.

मामा उंच होते, जरासे वाकलेले. फिल्म धुवायच्या औषधाने त्यांच्या बोटांची टोकं तपकिरी झाली होती. दिवसभर अंधाऱ्या खोलीत राहून ते संध्याकाळी राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत शिरत तेव्हा पाण्याखालून चालत आल्यासारखे वाटत. डोळे मिचकावत, सावकाश, भिंतीला हात लावून.

मी, कमला आणि सीता तेव्हा चौदा-पंधरा वर्षांच्या होतो. मामांना माणसाच्या आतलं सगळं दिसतं यावर आमचा पक्का विश्वास होता. सीता तर त्यांच्या समोरून जाताना ॲटलास छातीशी धरायची.

"हाडं दिसली तर दिसूं देत गे," कमला म्हणायची.

"हाडांचं काय! मनातलं दिसलं म्हणजे?"

त्या वर्षी नवरात्रात कमलाला पाहायला कुंभकोणमची मंडळी येऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघी तिच्या घरी कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या, पायऱ्या पुसून पुन्हा मांडत होतो. सीताला त्या मुलाच्या आत्याची नक्कल करायची होती. अडचण एकच होती, कमलाची पाच वर्षांची बहीण कुट्टी. तिच्या कानावर पडलेलं प्रत्येक वाक्य संध्याकाळपर्यंत तिच्या आईकडे पोचत असे.

कोलूच्या खालच्या पायरीवर चोप्पु मांडलेले होते, म्हणजे भातुकलीची इवली पितळी भांडी. त्यातल्या एका भांड्याचं झाकण मी उचललं आणि कुट्टीच्या जिभेवर ठेवलं. म्हटलं, "तोंड उघडायचं नाही. शेवटपर्यंत गप्प राहिलीस तर सुंडलची पहिली वाटी तुझी." सुंडल म्हणजे नैवेद्याची हरभऱ्याची उसळ.

हो, मीच. कमला नाही, सीता नाही.

सीताने पदर खोचला, नाक वर केलं आणि म्हणाली, "मुलगी गाते म्हणे? कुठून गाते, नाकातून?" आम्ही हसून हसून खाली बसलो. कुट्टीही हसली. मग ती खोकू लागली, लाल झाली आणि एकदम थांबली. तोंड उघडलं तर झाकण नव्हतं.

"पोटात गेलं," सीता म्हणाली. "उद्या बाहेर येईल."

"आईला सांगायचं?" कमलाने विचारलं. सांगितलं तर आम्ही काय करत होतो तेही सांगावं लागलं असतं. मी कुट्टीचा हात माझ्या डोक्यावर ठेवून कुणाला न सांगण्याची शपथ तिला घ्यायला लावली. ती इतक्या गंभीरपणे घेतली तिने, की मला हसू आलं.

त्या संध्याकाळी कुट्टीने सुंडलला हात लावला नाही. सकाळी अंगात कणकण होती, खोकला होता, तोंडातून लाळ गळत होती. तिचे वडील तिला दवाखान्यात घेऊन गेले. आम्ही तिघी मागोमाग गेलो, बोललो मात्र नाही. मोठ्यांपैकी कुणाला ठाऊकच नव्हतं, तर डॉक्टर काय करणार? खोकला पाहून त्यांनी छातीचा फोटो लिहून दिला.

मामांची एक पद्धत होती. यंत्राशेजारी त्यांनी तंजावूरची मान डोलावणारी बाहुली ठेवली होती. लहान मूल आलं की ते तिच्या मानेला बोट लावत आणि म्हणत, "ही थांबेपर्यंत तूं हलायचं नाही. बघूं, कोण जिंकतं." कुट्टी आत एकटी गेली. दाराच्या फटीतून मला एवढंच दिसलं: गार पाटीला छाती टेकवलेली एक पाठमोरी मुलगी, आणि डोलता डोलता थांबत गेलेली बाहुली.

थोड्या वेळाने मामा ओली फिल्म धरून बाहेर आले. "छाती स्वच्छ आहे."

कुट्टीच्या वडिलांनी देवाचं नाव घेतलं आणि तिला उचललं. ते निघाले. दारापर्यंत पोचलेही.

"थांबा," मामा म्हणाले. "लाळ गिळताना ही मान वर करते." ते कुट्टीपाशी गेले. "काय गिळलंस, कण्णे, सोन्या?"

कुट्टीने ओठ घट्ट मिटले. डोळ्यांत पाणी तरारलं, मान नकारार्थी हलली आणि नजर आमच्याकडे वळली. मामांनी त्या नजरेचा माग घेतला. सीताजवळ आज ॲटलास नव्हता.

"मामा," मी म्हटलं, "चोप्पुचं झाकण. मीच तिच्या तोंडात ठेवलं होतं."

मला वाटलं, आता थप्पड बसणार. मामांनी विचारलं, "केवढं?"

मी अंगठ्याचं नख दाखवलं.

"पितळेचं?"

"हो."

"मग दिसेल. तूं आत ये. बाहुलीला बोट तूं लाव."

या वेळी फोटो गळ्याचा होता. कुट्टीने हनुवटी वर केली. तिला गिळताही येत नव्हतं, तरी तिने श्वास धरला. मी बाहुलीच्या मानेला बोट लावलं. ती मान त्या दिवशी थांबायलाच तयार नव्हती. कुट्टी मात्र तिच्या आधीच स्तब्ध झाली होती.

मग मामांनी मला तांबड्या दिव्याच्या खोलीत नेलं. तबकातल्या औषधात फिल्म बुडवून ते हळूहळू हलवत राहिले. पहाटेचं धुकं वर यावं तसा गळा वर आला, मानेचे मणके आले, आणि त्यांच्या मधोमध पांढराशुभ्र वाटोळा चंद्र. इतकी सुंदर आणि इतकी भयंकर वस्तू मी पुन्हा पाहिली नाही. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "श्वास सोड," ते म्हणाले. मी तो कधी धरला होता कोण जाणे.

दुपारी गळ्याच्या डॉक्टरांनी लांब चिमट्याने झाकण काढलं. संध्याकाळी कुट्टी जागी झाली तेव्हा मी उशाशी होते आणि मामा दारात. तिने मला जवळ बोलावलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "अक्का, मी कुणाला सांगितलं नाही."

मी दाराकडे पाहिलं. मामा तोंड फिरवून रुमालाने बोटं पुसत होते. तो तपकिरी रंग पुसून कधीच जात नसे.

त्यानंतर त्यांनी तो विषय एकदाही काढला नाही. दोन वर्षांनी त्यांची कडलूरला बदली झाली. पुढे ते तिथेच वारले. मला ते एका पत्रातून कळलं, तेव्हा मी लग्न होऊन लांब गेले होते.

ते निघाले त्या सकाळी गल्ली सगळी स्टेशनवर लोटली होती. मी एक वाक्य पाठ करून आणलं होतं. ते खिडकीत बसले, गाडीने शिट्टी दिली, चाकं हलली, तेव्हा कुठे मला धीर झाला. "मामा, मी आदल्या दिवशीच सांगायला हवं होतं!"

त्यांना ऐकू आलं नाही. हसत त्यांनी कानामागे हात धरला. मी धावत पुन्हा ओरडले. हमालाने वळून पाहिलं, सीताने पाहिलं, कुट्टीच्या वडिलांनीही पाहिलं. गाडी पापनाशमच्या बाजूला लहान होत गेली, आणि दिसेनाशी होईपर्यंत तो हात कानाशी तसाच होता.