गणोजी उतरतो कसा?

शहाणी माणसं किती खुळी होतात हे पाहायचं असेल, तर त्यांच्या आवडत्या कादंबरीचा पुढचा भाग लांबला पाहिजे. मांडवीजवळच्या आमच्या वाचनालयात असे किस्से ढिगाने जमले. कादंबरी 'गणोजीची खाट'. आळशी गणोजीला झोप लागली की त्याची खाट उडते. तिसऱ्या भागाच्या शेवटी ती राक्षसांच्या गावावर येऊन अडकली, आणि लेखक गप्प! चैन मलाही नव्हतं. पण बाकीच्यांनी ताळतंत्रच सोडलं.

*

आमचे रिसालदार घोडदळातून रिटायर झालेले. तीन भागांत एकही तलवार उपसली गेली नाही, हे त्यांचं दुःख. गणोजीने खाटेचा खूर उपटून राक्षसांना झोडावं, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, अहो, खूर उपटला तर खाट पडेल.

"पडू दे," रिसालदार म्हणाले. "हातात हत्यार तर आलं!"

यांनी लढाया कशा केल्या असतील, देव जाणे.

*

अण्णासाहेब कचेरीतले. प्रत एकच, म्हणून ते मोठ्याने वाचत आणि आम्ही ऐकत असू. राक्षसाची डरकाळीसुद्धा ते सरकारी हुकमासारखी वाचत. चौथा भाग लिहिण्याचा लेखकाला हुकूम व्हावा, असा आपल्या संस्थानच्या महाराजांकडे अर्ज करायचं त्यांनी काढलं. लेखक पुण्याचा, आपला हुकूम तिथे चालत नाही, असं मी सांगितल्यावर त्यांनी बराच विचार केला.

"मग खाट आपल्या हद्दीत यायची वाट पाहू," ते म्हणाले.

*

खेड्यापाड्यांत तेव्हा पुस्तकांच्या फिरत्या पेट्या जात. चौथा भाग चुकून वाघोडियाच्या पेटीत गेला, अशी आवई उठली. रिसालदार आणि अण्णासाहेब टांगा करून निघाले. मीही गेलो, पण केवळ त्यांची फजिती पाहायला. पेटीत निघालं मधमाश्या पाळण्याचं पुस्तक. रिकाम्या हाताने परतायचं नाही म्हणून रिसालदारांनी तेच आणलं.

*

एका रविवारी लायब्ररियन मणिभाईंनी एका पाहुण्याला आमच्यात आणून बसवलं. आपल्या गुजराती वळणाच्या मराठीत म्हणाले, "पुण्याहून आलेत, जरा बेसू द्या." गणोजी खाली कसा उतरेल, असं पाहुण्याने विचारलं. मग काय, खूर, हुकूम, सगळं त्याला ऐकवून झालं.

"मला वाटतं, त्याला उतरायचंच नसेल," तो हळूच म्हणाला.

रिसालदार हसले. मागचे भाग नीट वाचलेत का, असं अण्णासाहेबांनी विचारलं. मी मधमाश्यांचं पुस्तक त्याच्या हातात ठेवलं आणि म्हटलं, "विनोद तुमचा प्रांत नाही. हे वाचा."

तो आभार मानून गेला. मणिभाईंनी कपाळावर हात मारला. "अरे भाई, काय केलंत? तेच तर लेखक होते!"

आता चौथा भाग कसला येतोय, म्हणून मला घास गोड लागेना.

*

पण आला! अण्णासाहेबांनी वाचायला घेतला. गणोजी खाटेवर लोळत खाली पाहतोय. पारावर राक्षस भांडताहेत, हा उतरणार कसा? मिशाळ राक्षसाच्या हातात खाटेचा खूर. दुसऱ्याला आधी शिक्क्याचा हुकूम हवा. आम्ही हसून हसून बेजार. मीच सगळ्यांत जास्त.

मग तिसरा राक्षस आला. हा स्वतः काही करत नाही, नुसती सगळ्यांना नावं ठेवतो, आणि येईल त्याच्या हातात मधमाश्यांचं पुस्तक देतो.

अण्णासाहेब वाचायचे थांबले. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हा भाग काही जमला नाही," मी म्हटलं. "पाचवा कधी येतोय?"