वाळेपर्यंतचा पहारा

शंका हा मनाचा दोष मानण्याची आपली रीत आहे. पण उंबरठ्यावर अखंड जागणारा प्रहरीही स्वभावाने शंकेखोरच असतो. सिंगापुरातल्या सेंगकांगचे उल्हासराव गद्रे हे त्या प्रहरींच्या कुळातले. बँकेत आयुष्यभर खोट्या सह्या हुडकल्यामुळे अस्सल सहीकडेही ते भिंग लावूनच पाहत.

अर्धांगवायूतून उठल्यावर त्यांच्या पत्नी नीताताईंचा उजवा हात हलू लागला होता. पण पहिलीच वेडीवाकडी अक्षरे पाहून त्या खचल्या आणि दीड वर्ष त्यांनी लेखणीला स्पर्श केला नाही. हा हात असाच कायमचा निजेल, या एका भयाने उल्हासरावांना ग्रासले होते.

२०१६च्या चिनी नववर्षाच्या सुट्टीत कन्या मैत्रेयी दोघांना चीनमधल्या चेंगडूला घेऊन गेली. तिथल्या विस्तीर्ण चौकात उल्हासरावांनी पासपोर्टची पिशवी सदऱ्याच्या आत बांधली. शेजारच्या बागेत एका आजीबाईंनी पुढे केलेला चहा त्यांनी नाकारला.

"फुकट चहा? यामागे काहीतरी आहे."

"बाबा, त्यामागे फक्त आजी आहे."

पुढे फरसबंदीवर एक वृद्ध गृहस्थ लांब दांड्याचा कुंचला पाण्यात बुडवून अक्षरे रेखीत होते. ती वाळून जात. ते पुन्हा लिहीत. त्यांनी हसून कुंचला नीताताईंपुढे धरला.

"घेऊ नकोस! हातात आला की गळ्यात पडेल."

"वाळूनच जायचंय ना? मग वाकडं आलं तरी कोण बघतंय!" नीताताईंनी कुंचला घेतला. थरथरत, थबकत दगडावर उमटले : नीता गद्रे.

"अगं, उघड्यावर सही? कुणी फोटो काढला म्हणजे?" उल्हासराव पुढे होऊन अक्षरांपाशी उभे राहिले आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना हाताने बाजूला सारू लागले. आभाळ भरलेले, पाणी काही वाळेना.

"अहो, चला आता."

"पूर्ण जाऊ दे." ते खाली वाकले. जुन्या सवयीने त्यांनी वेलांटी पाहिली, रकाराचा कल पाहिला. बऱ्याच वेळाने, बँकेतल्या त्याच कोरड्या स्वरात म्हणाले, "अस्सल आहे."

त्यांनी दुकानात केस ओढून ओढून पारखलेला एक कुंचला घरी आला. रोज सकाळी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत नीताताई लिहीत आणि अक्षर न् अक्षर वाळेपर्यंत उल्हासराव शेजारी पहारा देत.

२०१८ साली ते गेले. घरात तो कुंचला आहे. नीताताई आपली सही आपणच करतात.